गॅरेजची भिंत: आधी फटी बुजवा, मग कापूस भरा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अमेरिकेत किंवा कॅनडात मुलांकडे चार-सहा महिने राहून येणारे आई-वडील आपल्या वाचकांत पुष्कळ आहेत. परत आल्यावर त्यांच्या बोलण्यात एक गोष्ट हमखास येते. बाकी घर ऊबदार होते, पण आम्हाला दिलेल्या खोलीत पाय टेकवत नव्हता, इतकी जमीन गार. ही खोली बहुतेक वेळा गॅरेजच्या डोक्यावर असते. सकाळी डोके जड असायचे, मधूनच पेट्रोलचा वास यायचा, हेही सांगितले जाते आणि ‘तिकडची हवाच मानवली नाही’ म्हणून सोडून दिले जाते. हवा मानवली नाही हे खरे, पण ती गॅरेजमधली हवा असते.

घरांची ऊर्जा-तपासणी आणि दुरुस्ती हेच आमचे काम आहे. गॅरेजच्या भिंतींवर लोक पैसे घालतात ते चुकीच्या भिंतीवर आणि उलट्या क्रमाने, म्हणून हे पत्र. घर आणि गॅरेज यांच्यामध्ये जी सामाईक भिंत असते तिच्या फटी आधी बुजवायच्या आणि मग तिच्यात इन्सुलेशन, म्हणजे उष्णता अडवणारा थर, भरायचे. बाहेरच्या तीन भिंतींचा विचार त्यानंतर, आणि बहुतेक घरांत तो करायची गरजच नसते.

तिकडची घरे ज्यांनी जवळून पाहिलेली नाहीत त्यांच्यासाठी थोडे बांधकामाविषयी. तिथली भिंत विटांची नसते. दर १६ इंचांवर लाकडाचा एक उभा दांडा, म्हणजे स्टड. त्याला म्हणायचे ‘टू-बाय-फोर’, प्रत्यक्षात तो दीड इंच बाय साडेतीन इंच असतो. दांड्यांच्या दोन्ही बाजूंना जिप्समचे तक्ते ठोकतात, त्याला ड्रायवॉल म्हणतात. मध्ये साडेतीन इंचांची पोकळी राहते. तिच्यात फायबरग्लास भरतात, तोच तो गुलाबी कापूस. त्याच पोकळीतून विजेच्या तारा, पाण्याचे नळ, गॅसची नळी आणि कधी गरम हवेचा डक्टही जातो, आणि प्रत्येकासाठी लाकडाला भोक पाडलेले असते. नळ अर्ध्या इंचाचा, भोक सव्वा इंचाचे. बाहेरून रंगवलेली भिंत अखंड दिसते, आतून तिची चाळण झालेली असते.

हिवाळ्यात घरातली गरम हवा वर चढते आणि माळ्याच्या फटींतून बाहेर निघून जाते. तिची जागा भरायला घर खालच्या अंगाने हवा ओढून घेते. गॅरेज नेमके खालच्या मजल्यावर, घराला चिकटून. बाहेर उणे १५ सेल्सिअस आणि आत २१ असेल तर ही ओढ दिवसरात्र चालू राहते. म्हणून गॅरेजमध्ये जे काही हवेत मिसळते, म्हणजे गाडीचा धूर, गवत कापायच्या यंत्रातल्या पेट्रोलची वाफ, उघड्या रंगाच्या डब्याचा वास, ते रात्रीतून घरात येते.

फायबरग्लास उष्णता अडवतो, हवा अडवत नाही. एखाद्या जुन्या गॅरेजचे छत उघडले की हे डोळ्यांनी दिसते. कापूस बहुतेक ठिकाणी गुलाबीच असतो, पण जिथे मागे फट आहे तिथे तो काळा पडलेला असतो. फटीच्याच आकाराचा काळा पट्टा, काजळी धरलेल्या चिमणीसारखा. ती बुरशी नसते. वर्षानुवर्षे हवा त्या कापसातून गाळून आत गेली आणि धूळ मागे राहिली, त्याचा तो डाग असतो. काळा भाग सापडला म्हणजे फट सापडली. तो कापूस बाजूला करा आणि फट बुजवा. नवा कापूस भरून वर ड्रायवॉल ठोकला तर खर्च होतो आणि हवा पूर्वीसारखीच येत राहते.

फटींमध्ये सगळ्यात मोठी आणि सगळ्यात दुर्लक्षित जागा छताच्या आत असते. गॅरेजवर खोली असेल तर तिच्या जमिनीच्या तुळया, म्हणजे जॉइस्ट, बऱ्याच घरांत गॅरेजवरून निघून सामाईक भिंतीच्या डोक्यावरून सरळ घराच्या आत जातात. दोन तुळयांमधली पोकळी भिंतीपाशी थांबत नाही. एक टोक गॅरेजच्या छतात, दुसरे स्वयंपाकघराच्या छतात, मध्ये काही नाही. २० फुटांच्या भिंतीवर अशा १५ पोकळ्या असतात. एक पोकळी साडेचौदा इंच रुंद आणि सव्वानऊ इंच उंच. १५ बोगदेच म्हणा. गॅरेजच्या छताला एक बारीक भेग असली की थंड हवा या बोगद्यांतून खोलीच्या जमिनीखाली फिरते. वर हीटर कितीही चालवा, जमीन गारच राहते.

हे दुरुस्त करायला सामाईक भिंतीलगतच्या छताचा दीड ते दोन फुटी पट्टा कापून काढावा लागतो. याला पर्याय नाही. बाहेरून फेस मारून हे काम होते असे सांगणाऱ्या ठेकेदाराला नम्रपणे नको म्हणावे. पट्टा काढल्यावर भिंतीच्या बरोबर वर, प्रत्येक पोकळीत, दोन इंची कडक फोमचा तुकडा बसवायचा. तुकडा पोकळीपेक्षा चारही बाजूंनी पाव इंच लहान कापा, म्हणजे १४ बाय पावणेनऊ इंच. अगदी मापाचा कापला तर तो तिरका अडकतो आणि मागची फट दिसत नाही. पाव इंचाच्या त्या मोकळ्या जागेत डब्यातला पॉलियुरेथेन फोम मारला की तुकडा लाकडाला चारही बाजूंनी चिकटतो. चार बाय आठ फुटांच्या एका तक्त्यातून सगळे १५ तुकडे निघून उरतो. तुळया इंग्रजी ‘आय’ अक्षराच्या आकाराच्या असतील तर मधल्या पातळ भागाच्या खोबणीत वेगळी पट्टी बसवावी लागते. आयताकृती तुकडा तिथे चालत नाही आणि नेमकी हीच चूक घाईत होते.

त्यानंतर छतातला कापूस तपासावा. तो वरच्या खोलीच्या जमिनीच्या फळीला खालून चिकटून असला पाहिजे. काळाने तो खाली झुकतो. फळी आणि कापूस यांच्यात इंचभर जरी अंतर पडले आणि त्यात थंड हवा शिरली, तर खालच्या सगळ्या जाडीचा उपयोग जवळजवळ संपतो. तार किंवा पट्ट्यांनी तो वर दाबून धरा, नाहीतर पोकळी सेल्युलोजने, म्हणजे कागदाच्या बारीक तंतूंनी, गच्च भरून घ्या. वर न्हाणीघर असेल आणि नळ छतातून जात असतील तर इन्सुलेशन नळाच्या खालच्या बाजूला, म्हणजे गॅरेजकडे. नळ आणि खोली यांच्यामध्ये काहीही भरू नये. खोलीची ऊब नळापर्यंत पोचू द्यायची असते. उलट भरले की जानेवारीत नळ गोठून फुटतो.

आता भिंतीचा तळ. भिंतीचा सर्वांत खालचा आडवा दांडा काँक्रीटवर टेकलेला असतो, पण काँक्रीट कधीच सपाट नसते. एखाद्या ठिकाणी कागद सरकतो, दुसऱ्या ठिकाणी बोट जाते. ही फट भिंतीच्या पूर्ण लांबीभर असते, म्हणून रुंदीला कमी दिसली तरी एकूण क्षेत्रफळ मोठे. आधी व्हॅक्यूमने धूळ काढा, ओल्या ब्रशने पुसा, सुकू द्या. धुळीवर लावलेला सीलंट, म्हणजे फट भरायची चिकट पेस्ट, पहिल्याच हिवाळ्यात पट्टीसारखा सोलून हातात येतो. पाव इंचापर्यंतच्या फटीला नुसता सीलंट पुरतो. अर्ध्या इंचाची असेल तर आधी फोमची गोल दोरी दाबून बसवायची आणि वरून सीलंट. ड्रायवॉलचा तक्ता जमिनीपासून अर्धा इंच वर ठेवायचा. गाडीच्या चाकांबरोबर आत येणारा बर्फ वितळतो, त्यात रस्त्यावर टाकलेले मीठ असते आणि जिप्सम ते पाणी टिपकागदासारखे वर शोषून घेते. तो अर्धा इंच सीलंटने भरा, जिप्समने नको.

मग नळ, तारा, विजेचे डबे, म्हणजे स्विच-सॉकेटमागच्या पेट्या. नळांभोवती फायर-कॉल्क, म्हणजे आगरोधक सीलंट, किंवा आगरोधक कामासाठी मान्यता असलेला फोम. उंदरांचा त्रास असेल तर आधी तांब्याची जाळी कोंबायची, कारण उंदीर फोम सहज कुरतडतात. विजेच्या डब्याची कड ड्रायवॉलला सीलंटने जोडायची, आतल्या भोकांवर थोडा सीलंट, आणि झाकणामागे फोमचे तयार गॅस्केट. डब्याच्या आत फोम मारायचा नाही. विजेचे मुख्य पॅनल गॅरेजच्या भिंतीत असेल तर त्याला हात लावू नका, ते काम इलेक्ट्रिशियनचे.

गॅसच्या वॉटर हीटरची धूर नेणारी नळी भिंतीतून किंवा छतातून जात असेल तर तिथे फोम अजिबात नाही. दुहेरी पत्र्याच्या ‘बी-व्हेंट’ नळीभोवती जळू शकणाऱ्या कुठल्याही वस्तूपासून किमान एक इंच अंतर लागते. ती फट पत्र्याची चकती कापून झाकायची आणि कडेला जास्त तापमान सोसणारा सीलंट लावायचा. आणखी एक. डब्यातल्या फोमला बाहेर ढकलणारा वायू ज्वालाग्राही असतो. हीटरची पायलट, म्हणजे सतत जळणारी छोटी ज्योत, पेटलेली असताना बंद गॅरेजमध्ये डबे मारले तर स्फोट होऊ शकतो. काम सुरू करण्याआधी गॅस बंद, गॅरेजचे दार उघडे, आणि वास पूर्ण गेल्याशिवाय पायलट पेटवायचा नाही.

हे काम सप्टेंबर-ऑक्टोबरात करावे. एकघटकी फोम हवेतल्या ओलाव्यावर घट्ट होतो. जानेवारीच्या कोरड्या थंडीत तो आतून पाण्यासारखा राहतो आणि आठवड्याने आक्रसून कडेने सुटतो. थंडीतच करावे लागले तर डबा घरात ठेवून कोमट होऊ द्या आणि फट पाण्याच्या फवाऱ्याने हलकी ओली करून घ्या.

एवढे झाल्यावर इन्सुलेशन. ‘आर’ हा उष्णता अडवण्याच्या क्षमतेचा आकडा, जितका मोठा तितका चांगला. टू-बाय-फोर भिंतीत फायबरग्लास आर-१३ किंवा आर-१५, किंवा दगडी लोकर, म्हणजे मिनरल वूल, आर-१५. टू-बाय-सिक्स असेल तर आर-२१ किंवा आर-२३. पोकळी साडेतीन इंचांची असताना सहा इंची कापूस दाबून भरला तर त्याचा आकडा वाढत नाही. दाबलेल्या कापसातली हवा जाते, आणि अडवण्याचे काम ती हवाच करत असते. तार आली तर कापूस तारेच्या मागे कोंबू नका. जाडीत उभा चिरा, अर्धा तारेमागे, अर्धा पुढे. सामाईक भिंतीसाठी आम्ही दगडी लोकर सुचवतो. ती ब्रेड कापायच्या सुरीने मापात कापता येते, स्वतःच्या ताठपणावर उभी राहते आणि आगीत वितळत नाही, आणि या भिंतीला आग रोखायचे काम आहेच. लांब बाह्यांचा सदरा, हातमोजे आणि एन-९५ मास्क घालूनच हात लावावा.

कापसावरचा तपकिरी कागद कुठल्या बाजूला, यावर घराघरांत वाद होतो. थंड प्रदेशात तो हिवाळ्यातल्या उबदार बाजूला. सामाईक भिंतीत उबदार बाजू म्हणजे घर, म्हणून कागद घराकडे. गॅरेजकडून काम करताना हात आपोआप उलटे बसवतो, कारण कागदाच्या कडा स्टेपल करायला सोप्या पडतात. उलटे बसले की घरातली वाफ कापसात शिरते आणि गॅरेजकडच्या थंड कागदावर पाणी होऊन साचते. कागद न लावलेला कापूस किंवा दगडी लोकर घेतली तर हा प्रश्नच येत नाही, घरातल्या बाजूच्या ड्रायवॉलवरचा रंग बहुतेक वेळा तेवढे काम करतो. शिकागो, मिनियापोलिस, टोरंटो यांच्यासाठी हे झाले. ह्यूस्टन किंवा फ्लोरिडात दमट उन्हाळा हाच मुख्य ऋतू, तिथे भिंतीत प्लास्टिकचा कागद घालायचाच नाही. आणि कागद किंवा फोम कुठेही उघडा ठेवायचा नाही, दोन्ही पेटतात.

म्हणूनच वरचा ड्रायवॉल ही सजावट नाही. अमेरिकेतल्या आदर्श निवासी बांधकाम संहितेप्रमाणे घर आणि गॅरेज यांमधल्या भिंतीला गॅरेजच्या बाजूने किमान अर्धा इंच जिप्सम लागते. वर राहती खोली असेल तर छताला ५/८ इंच ‘टाइप-एक्स’ तक्ता. राज्याराज्यांत यात फेरफार आहेत, तेव्हा गावच्या बांधकाम खात्याला विचारून घ्यावे. जोड टेप आणि मसाल्याने बंद करायचे. बिल्डर गॅरेजमध्ये बऱ्याचदा टेपवर एकच हात मारून सोडतात. रंगकामासाठी ते कच्चे असले तरी हवा आणि आग अडवायला चालते, मात्र टेप कुठेच सुटलेला नको.

२० फूट लांब, आठ फूट उंच सामाईक भिंत धरली तर दार वगळून १४० चौरस फूट उरते. दगडी लोकरीची एक पिशवी साधारण ६० चौरस फुटांना पुरते, म्हणजे तीन पिशव्या. ड्रायवॉलचे चार बाय आठचे पाच तक्ते, सव्वा इंची स्क्रू. सीलंटच्या चार नळ्या, फोमचे तीन डबे, दोन इंची कडक फोमचा एक तक्ता, छताच्या पट्ट्यासाठी ५/८ इंची दोन तक्ते आणि त्यांना १ ५/८ इंची स्क्रू. हाताची सवय असलेल्या दोघांचे दोन शनिवार-रविवार. घर १९८० च्या आधीचे असेल तर कापण्यापूर्वी ड्रायवॉलच्या मसाल्याचा तुकडा ॲस्बेस्टॉससाठी तपासून घ्यावा.

भिंतीत आधीच कापूस आहे आणि ड्रायवॉलही धड आहे, अशी घरे पुष्कळ. तिथे काहीही फोडू नका. तळाची फट, तक्त्याची वरची कड, डबे, नळ आणि दार, एवढेच करा. भिंत आतून पूर्ण रिकामी असेल तर प्रत्येक पोकळीला दोन-अडीच इंची भोक पाडून सेल्युलोज दाबाने भरून घेता येते. भोके जिप्समच्या चकत्यांनी आणि टेपने बंद करायची, प्लास्टिकच्या बुचांनी नाही.

घर आणि गॅरेज यांच्यामधल्या दाराबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण आपल्या लोकांच्या घरांत नेमके तेच उघडे असते. चपला-बुटांचे कपाट गॅरेजमध्ये, म्हणून दार दिवसभर किलकिले. आपोआप बंद करणारी स्प्रिंगची बिजागरी सामान आणताना त्रास देते, म्हणून काढून टाकलेली. कॅनडाच्या राष्ट्रीय संहितेत या दाराला धूर अडवणारी वेदरस्ट्रिप (चौकटीला लावायची मऊ पट्टी) आणि आपोआप मिटण्याची सोय दोन्ही सांगितलेली आहेत, आणि हे दार झोपायच्या खोलीत उघडायला मनाई आहे. अमेरिकी संहितेतही झोपायच्या खोलीत उघडायला मनाई आहेच. शिवाय दार ३५ मिलिमीटर जाडीचे भरीव लाकडाचे किंवा पोलादी, नाहीतर २० मिनिटे आग सोसणारे असावे लागते. साधे पोकळ दार तिथे चालत नाही, आणि मांजरासाठी त्यात खिडकी कापली की त्याची आगरोधक क्षमता गेली. तपासणी सोपी. वर्तमानपत्राची दोन बोटे रुंद पट्टी चौकटीत धरून दार लावा आणि ओढा. पट्टी अडखळत निघाली तर ठीक, अलगद सरकली तर तिथली वेदरस्ट्रिप बदला. चारही बाजूंनी, प्रत्येक फुटावर. खालच्या उंबऱ्याशी रात्री गॅरेजमध्ये दिवा लावून घरातला अंधार करून पाहा. उजेड येतो तिथून हवाही येते.

फटी शोधायला उदबत्तीइतके चांगले साधन नाही. थंडीच्या, वाऱ्याच्या दिवशी सगळ्या खिडक्या लावा, न्हाणीघरांतले पंखे आणि स्वयंपाकघराची चिमणी सुरू करा, आणि उदबत्ती घराच्या बाजूने विजेच्या डब्यांपाशी, दाराच्या कडेने, जमिनीच्या पट्टीलगत हळूहळू फिरवा. धूर सरळ वर जात असताना जिथे एकदम आत, तुमच्याकडे ढकलला जातो, तिथे खडूने खूण करा. गॅरेजमध्ये उदबत्ती पेटवू नका, तिथे पेट्रोलची वाफ असते. ही चाचणी पाच-दहा मिनिटांत आटपा आणि त्या वेळी गॅसचा वॉटर हीटर बंद ठेवा, कारण एवढ्या ओढीने त्याचा धूरही उलटा घरात येऊ शकतो.

चिमणीचा विषय इथेच निघतो. फोडणीचा ठसका जावा म्हणून आपली कुटुंबे मिनिटाला ६०० ते ९०० घनफूट हवा फेकणारी चिमणी बसवून घेतात. ती बाहेर टाकलेली हवा कुठून तरी परत यावी लागते. घट्ट घरात ती गॅरेजच्या भिंतीतून येते. मिनिटाला ४०० घनफुटांच्या वरच्या चिमणीसाठी, घरात धुराच्या नळीने चालणारी गॅसची साधने असतील तर, बाहेरून हवा आत आणणारी वेगळी सोय संहितेत सांगितलेली आहे. ती बसवून घ्या. तोवर चिमणी चालू असताना स्वयंपाकघराचीच एखादी खिडकी चार बोटे उघडी ठेवा.

गॅसचा हीटर गॅरेजमध्येच असेल आणि तो तिथलीच हवा जाळत असेल, तर गॅरेज बाहेरच्या बाजूने फार घट्ट करण्याआधी हिशेब करावा. हीटरच्या ताकदीच्या (ती बीटीयूत मोजतात) दर १,००० बीटीयूला ५० घनफूट जागा हा संहितेतला नियम. ४०,००० बीटीयूच्या हीटरला २,००० घनफूट. दोन गाड्यांचे २० बाय २२ बाय आठचे गॅरेज ३,५२० घनफुटांचे, म्हणजे चालते. एका गाडीच्या गॅरेजात सामानाची फडताळे असतील तर हिशेब बसत नाही. फर्नेसचे, म्हणजे घर तापवणाऱ्या भट्टीचे, डक्ट गॅरेजमधून जात असतील तर त्यांचे सांधे मॅस्टिकने, म्हणजे डक्टसाठीच्या घट्ट लेपाने, लिंपा. कापडी ‘डक्ट टेप’ नावालाच डक्टचा, उष्णतेने त्याचा गोंद सुकतो. घरातली हवा फर्नेसकडे परत नेणाऱ्या डक्टला एक सांधा उघडा असला तरी फर्नेसचा पंखा गॅरेजची हवा ओढून सगळ्या खोल्यांत वाटतो. गॅरेज गरम करण्यासाठी डक्टला गॅरेजमध्ये उघडणारी जाळी बसवणे तर सरळ चूक आहे.

बाहेरच्या भिंतींवर खर्च का नको, ते आता थोडक्यात. न तापवलेल्या गॅरेजमध्ये अडवायला ऊबच नसते. भिंती आर-२१ ने भरल्या तरी गाडीच्या १६ फुटी दाराच्या कडांनी हवा वाहतच राहते. गॅरेजमध्ये सुतारकाम करायचे असेल, हीटर लावणार असाल, तर मात्र भरा, आणि तेव्हा कागद गॅरेजच्या आतल्या बाजूला. मोठ्या दाराला फोमचे तक्ते चिकटवणार असाल तर वजन वाढून दार स्प्रिंगला पेलत नाही. ते अर्ध्यावर सोडून पाहा, जागेवर न थांबता खाली आले तर स्प्रिंग माणूस बोलावून जुळवून घ्यावी. ती ताणलेली स्प्रिंग स्वतः सैल करू नये, हात जातो.

आता ज्या सवयींना कुठलीही भिंत पुरी पडत नाही त्या. थंडीत गाडी गॅरेजमध्येच सुरू करून गरम होऊ देणे, मोठे दार उघडे ठेवूनसुद्धा, बंद करा. थंड इंजिनाचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे धूर शुद्ध करणारा भाग, काम करत नसतो आणि पहिल्या दोन मिनिटांत सर्वांत जास्त कार्बन मोनॉक्साइड हा वास नसलेला विषारी वायू निघतो. आयोवा स्टेट युनिव्हर्सिटीच्या विस्तार विभागाच्या चाचणीत दार उघडे ठेवून दोन मिनिटे गाडी चालू ठेवली, तर गाडी बाहेर काढून दहा तास झाल्यावरही गॅरेजमध्ये तो वायू मोजता येत होता. फोनवरून गाडी सुरू करायची सोय घराला चिकटलेल्या गॅरेजसाठी नाही. किल्लीविना चालणाऱ्या, आवाज न करणाऱ्या गाड्या बंद करायचे विसरून अमेरिकेत माणसे झोपेतच गेलेली आहेत.

आणि मासे तळायला, दिवाळीच्या चकल्या-अनारशांना, घरात वास नको म्हणून गॅरेजमध्ये प्रोपेनची शेगडी मांडणे. हे आमच्या परिचयाच्या इतक्या घरांत चालते की मनापासून विनवणी करतो: शेगडी अंगणात न्या. दार अर्धे वर केलेले गॅरेज म्हणजे बाहेर नव्हे. शेजारी पेट्रोलचा कॅन, वर आई-वडिलांची खोली.

कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म प्रत्येक मजल्यावर, झोपायच्या खोल्यांबाहेर आणि गॅरेजवरच्या खोलीत आत लावावा. गॅरेजमध्ये नाही, तिथे तो थंडीने आणि गाडीच्या रोजच्या धुराने बिघडतो. अमेरिकी मानकाप्रमाणे हा अलार्म दहा लाखांत ७० भाग वायू असताना एक ते चार तासांनी वाजतो, ४०० भागांना चार ते पंधरा मिनिटांत. आकडा दाखवणारे साधे अलार्मही ३० भागांच्या खाली शून्यच दाखवतात. म्हणजे तो गप्प आहे एवढ्यावरून हवा स्वच्छ आहे असे होत नाही, पण तो नसेल तर जीव वाचवणारी शेवटची गोष्टही नाही. डोके जड झाले आणि बाहेर अंगणात गेल्यावर उतरले, तर ते जेट लॅगवर ढकलू नका, मुलांना सांगा. आणि खोलीत सामान लावल्यावर पहिल्याच दिवशी तो अलार्म भिंतीवरून काढून उलटा करा. मागे तारीख छापलेली असते. बहुतेक अलार्म पाच ते दहा वर्षांत निकामी होतात, आणि बॅटरी नवी असली तर जुन्या अलार्मचा हिरवा दिवा त्यानंतरही लागलेला असू शकतो.

आपले,
घरांची ऊर्जा-तपासणी करणारे दोन वाचक, इलिनॉय